घोडा लाजला नाही, बुजला

वर्गात एक मुलगा उभा राहून मराठीत गोष्ट सांगत होता. कॅथरिन मॅन्सफिल्डची 'द गार्डन पार्टी', 1922 साली पुस्तकरूपात आलेली, न्यूझीलंडमधली. श्रीमंतांच्या घरी बागेत मेजवानीची तयारी चालली आहे. मांडव घालायला माणसं आली आहेत, कर्दळीच्या कुंड्या दारात उतरल्या आहेत. तेवढ्यात बातमी येते की खालच्या वस्तीतला एक गाडीवान सकाळी अपघातात गेला, मागे बायको आणि पाच लहान पोरं आहेत. मुलगा नीट सांगत होता. अपघातापाशी आला आणि म्हणाला, "वाफेचं इंजिन बघून घोडा लाजला आणि गाडीवान डोक्यावर पडला."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण चूक त्याची नव्हती. कथा सुरू करण्याआधी दोन दिवस मी 42 अवघड शब्दांची यादी फळ्यावर लिहून दिली होती. त्यात 'ट्रॅक्शन इंजिन' होतं, 'मार्की' होतं. 'शाय' नव्हता. तो तर शाळेतल्या पोरालाही येतो, म्हणून मी तो सोडून दिला होता. शाय म्हणजे लाजाळू. मुलाने शिकलेला अर्थ इमानाने लावला होता.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, घोडा लाजंल कशाला? बुजला असंल. आमचा बैल ट्रॅक्टर बघून बुजतो तसा."

मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. माझ्या पुस्तकात त्या शब्दाखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'दचकून बाजूला होणे'. शब्दकोशातून उतरवलेलं, बरोबर, आणि निर्जीव. दचकणं वेगळं आणि बुजणं वेगळं. दचकलेलं जनावर जागच्या जागी थरथरतं आणि शांत होतं. बुजलेलं मागे सरतं, आडवं फिरतं, जू झुगारतं; पुन्हा त्या वाटेनं न्यायचं तर त्याला दहा वेळा चुचकारावं लागतं. मॅन्सफिल्डने एका वाक्यात उरकलेला तो अपघात ही मुलगी डोळ्यांसमोर पाहू शकत होती. मी तीच कथा सात-आठ वर्षं शिकवत होते आणि मला तो कधी दिसला नव्हता.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी इंग्रजी शिकवते. मुलं मराठी माध्यमातून आलेली, बहुतेक शेतकऱ्यांची, काही गवंडी, सुतार, हमाल यांची. कथा हा पेपर त्यांना आवडतो, कारण कथा छोटी असते. पण आठ-दहा पानांच्या कथेतही शब्दांची अडचण कादंबरीपेक्षा मोठी असते, हे हळूहळू कळतं. कादंबरीत एखादा शब्द सुटला तरी तो पुढे पुन्हा भेटतो, प्रसंग त्याचा अर्थ उलगडत नेतात. कथेत तो एकदाच येतो. कथाकाराने तो तोलून तिथे ठेवलेला असतो आणि कधीकधी सगळी कथा त्याच्यावरच वळते. तो सुटला की कथा हातातून जाते, आणि गेली हे वाचणाऱ्याला कळतही नाही.

मी स्वतः यादी करूनच शिकले. माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालं; राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, तोवर मी नोकरीला लागले होते. कॉलेजात असताना पुण्याला गेले की अप्पा बळवंत चौकात जायचे. तिथून आणलेलं नॉर्मन लुईस यांचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' अजून माझ्याकडे आहे. 1949 सालचं पुस्तक, पण आपल्याकडे फुटपाथवरसुद्धा आजही सर्रास मिळतं. त्याचे माझ्यावर उपकार आहेत. ग्रीक आणि लॅटिन धातू ओळखायला त्याने शिकवलं, आणि एका धातूपासून दहा शब्द कसे फुटतात ते पाहताना मला संस्कृतच्या तासाची आठवण यायची. मी रोज पंधरा शब्द पाठ करत असे. वर्षभरात वह्या भरल्या. शब्द ओळखीचे झाले, पण ते माणसांशिवायचे होते. कुणी, कुणाला, कुठल्या घरात, कुठल्या रागाने तो शब्द म्हटला, हे मला माहीत नव्हतं.

एम.ए.ला जेम्स जॉइसचं 'डब्लिनर्स' हाती आलं. 1914 साली छापलेल्या या पुस्तकात 15 कथा आहेत. पहिली 'द सिस्टर्स'. तिच्या पहिल्याच परिच्छेदात तीन शब्द एकापाठोपाठ येतात: पॅरॅलिसिस, नोमन, सिमनी. एक मुलगा रोज रात्री आजारी धर्मगुरूच्या घराची उजेड असलेली खिडकी पाहतो, पहिला शब्द मनाशी पुटपुटतो, आणि तो कानाला विचित्र वाटला म्हणताना त्याला बाकीचे दोन आठवतात. मी ग्रंथालयात बसून तिन्ही शब्द कोशात पाहिले. पॅरॅलिसिस ठाऊक होता. सिमनी म्हणजे चर्चमधलं पद किंवा धार्मिक कृपा पैशाने विकणं वा विकत घेणं. बायबलमधल्या सायमन नावाच्या जादूगाराने पैसे देऊन दैवी शक्ती मागितली, त्याच्यावरून. नोमनला दोन अर्थ सापडले. एक, सूर्यघड्याळाची सावली पाडणारी काठी, म्हणजे आपल्या जुन्या ज्योतिषातला शंकू, 'लीलावती'त भास्कराचार्यांनी ज्याच्या सावलीची गणितं घातली तो 12 अंगुळांचा शंकू. दुसरा भूमितीतला: समांतरभुज चौकोनाच्या एका कोपऱ्यातून तसाच लहान चौकोन काढून घेतला की उरणारी आकृती. मी दोन्ही अर्थ वहीत लिहिले, परीक्षेत लिहिले, आणि मला गुणही मिळाले.

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, ती फार नंतर आली. कथेतल्या त्या मुलालाही हे शब्द परकेच आहेत. त्यातला पहिला त्याला भीतीदायक वाटतो आणि तरी तो त्याला जवळ ओढतो. ही कथा 1904 साली डब्लिनच्या एका साप्ताहिकात पहिल्यांदा छापली गेली तेव्हा हे तीन शब्द तिच्यात नव्हते. जॉइसने ते मागाहून घातले. म्हणजे ज्या शब्दांनी मी घाबरले होते, ते घाबरवण्यासाठीच तिथे आणले होते. शब्द न कळणं हा त्या कथेचा पहिला अनुभव आहे. मी मात्र तो अनुभव यायच्या आत कोश उघडला. पुढे शिक्षिका झाल्यावर मुलांच्या बाबतीतही मी तेच करत आले: कथा भेटायच्या आधी यादी.

घोडा बुजल्यानंतर मी यादी देणं बंद केलं. पुढच्या वर्षी एडगर ॲलन पोची 'द कास्क ऑफ अमोन्टिलाडो' शिकवायला घेतली, 1846 सालची कथा. कार्निव्हलच्या दिवसांत एक माणूस दुसऱ्याला उंची दारूचं आमिष दाखवून तळघरात नेतो आणि भिंतीत जिवंत चिणतो. पहिल्या वाचनात कुणी कोश उघडायचा नाही, एवढंच मी सांगितलं. अडलेल्या शब्दाखाली फक्त रेघ मारायची.

पहिली अडचण 'पाइप' या शब्दाशी आली, म्हणजे पुन्हा सोप्याच शब्दाशी. अमोन्टिलाडोचा एक पाइप विकत घेतला, असं तो माणूस सांगतो. मुलांना नळी दिसली. पाइप म्हणजे इथे दारू साठवायचं मोठं लाकडी पिंप, असं मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझीच जीभ अडखळली. पिंप! आपला हा शब्द पोर्तुगीज 'पिपा'वरून आला, गोव्याच्या वाटेनं, जसं घमेलं आलं, बादली आली. इंग्रजीतला पाइपही त्याच कुळातला. म्हणजे पो जो शब्द वापरतो, तो आमच्या प्रत्येकाच्या न्हाणीघराबाहेर पाण्याने भरून उभा आहे. त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी पिंपाकडे बराच वेळ बघत राहिले.

वर्गात एक गवंड्याचा मुलगा होता. सुट्टीत बापाच्या हाताखाली जायचा. त्याच्या बोटांच्या पेरांना सिमेंटने पडलेल्या भेगा असायच्या. इंग्रजीत तो गप्प असे. कथेत बळी जाणारा माणूस विचारतो, तू मेसन आहेस का? त्याच्या मनात असते फ्रीमेसन नावाची गुप्त बंधुसंघटना. दुसरा हो म्हणतो आणि अंगरख्यातून एक हत्यार काढून दाखवतो: ट्रॉवेल. मी विचारलं, ट्रॉवेल म्हणजे काय असेल? या मुलाने रेघ मारलीच नव्हती. तो म्हणाला, "थापी असणार. गवंडी हाय का म्हणल्यावर दुसरं काय दाखवील?" आणि क्षणभर थांबून, "म्हंजे त्यानं थापी घरनंच आणलीया. आधीच ठरवलेलं हाय त्याचं."

कथेची अख्खी भीती त्या एका हत्यारात आहे आणि ती त्याने शब्दाबरोबरच उचलली. मग तो थांबेना. 'टिअर' म्हणजे थर, हे त्याने संदर्भाने ओळखलं. पोने त्या कोनाड्याची मापं दिली आहेत: चार फूट खोल, तीन फूट रुंद, सहा-सात फूट उंच. थर 11. मुलाने वहीत भागाकार केला आणि सांगितलं की एक थर साधारण सात इंचांचा पडतो, तेव्हा ही वीट नव्हे, दगड असणार. तीन फूट रुंदीला एकटा माणूस रातोरात एवढं काम करू शकतो. पुढे वाचलं तर पोनेही बांधकामाचा दगडच म्हटलं आहे. या कथेवर मी बरंच वाचलं होतं, पण त्या भिंतीचं माप कुणी घेतलेलं माझ्या वाचनात आलं नव्हतं.

त्याच वर्षी मी धीर करून 'द सिस्टर्स' घेतली. अभ्यासक्रमात नव्हती; शनिवारी जादा तास घेऊन वाचली. नोमन हा शब्द आला. मुलांनी तो 'ग्नोमन' वाचला, मी दुरुस्त केला नाही लगेच. फळ्यावर समांतरभुज चौकोन काढला, त्याचा वरचा उजवा कोपरा पुसला. उरलेल्या आकृतीला नोमन म्हणतात, एवढं सांगितलं.

तो मुलगा म्हणाला, "मॅडम, ह्यो तर गुण्या."

पुढच्या शनिवारी त्याने वडिलांचा गुण्या पिशवीत घालून आणला. लोखंडी, काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या, एका पट्टीवरच्या खुणा झिजून गेलेल्या. भिंतीचा कोपरा गुण्यात आहे की नाही हे त्याने बघतात. भिंत सरळ उभी आहे का ते ओळंब्याने. गुण्या हातोहात वर्गात फिरला. मी घरी जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, ग्रीक भाषेत नोमन या शब्दाचा एक अर्थ सुताराचा काटकोन्या, म्हणजे गुण्याच. त्या शब्दाचं मूळ 'जाणणे' या धातूत आहे: जाणणारा, पारखणारा. आणि आपला गुण्या फारसीतून आलेला, फारसीत तो ग्रीकमधल्या 'कोन' या अर्थाच्या दुसऱ्या एका शब्दावरून गेलेला. दोन वेगळे ग्रीक शब्द दोन वेगळ्या वाटांनी निघून आमच्या वर्गातल्या एका लोखंडी पट्टीवर येऊन भेटले होते. मला त्या दिवशी झोप लागली नाही.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. गुण्या परत हातात आल्यावर मुलाने विचारलं, "मग गोष्टीतला कापलेला कोपरा कंचा?"

'द सिस्टर्स'मधली मोठी माणसं बरीच वाक्यं पुरी करत नाहीत. धर्मगुरूविषयी काहीतरी वावगं होतं, पण काय ते कुणी सांगत नाही. वाक्यं मध्येच तुटतात आणि मुलगा त्यांतून अर्थ काढायचा प्रयत्न करत राहतो. सगळी कथा कोपरा काढून घेतलेल्या चौकोनासारखी आहे. समीक्षकांनी हे लिहिलं आहे, मी ते वाचलंही होतं. पण इथे ते ज्याने विचारलं त्याने एकही समीक्षा वाचलेली नव्हती. शब्द त्याच्या हातात आला, आणि हातातला शब्द घेऊन तो कथेत शिरला. प्रगत शब्दसंपत्ती म्हणून जे काही असतं ते माझ्या मते हेच: किती शब्द ठाऊक आहेत यापेक्षा, ठाऊक झालेला शब्द घेऊन माणूस कथेत पुढे कुठवर जाऊ शकतो.

सगळ्याच शब्दांना असा गुण्या मिळत नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. वस्तूंचे शब्द घरी सापडतात. मनाचे शब्द अवघड. जॉइसचीच 'ॲरबी' घ्या. बाजारातून मित्राच्या बहिणीसाठी काहीतरी आणायचं म्हणून निघालेला मुलगा उशिरा पोचतो, काही घेत नाही, आणि शेवटच्या वाक्यात स्वतःला ओळखतो, त्या ओळखीत 'व्हॅनिटी' हा शब्द आहे. माझ्या मुलांना व्हॅनिटी ठाऊक होती ती सिनेमावाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅनमुळे. गर्व म्हटलं तर कमी पडतं. या पोराला कसला गर्व? अहंकार त्याहून जड. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ रिकामा. मग कुणीतरी 'पोकळ ऐट' म्हणालं, कुणी 'फुकाचा तोरा'. दोन्हींत काहीतरी आहे, पूर्ण कशातच नाही. या शब्दावर आम्ही दरवर्षी एक तास घालवतो आणि दरवर्षी तो अर्धवट सोडतो. मला आता त्याचं वाईट वाटत नाही. काही शब्द वयाबरोबर कळतात, आणि विशीतल्या मुलांना 'व्हॅनिटी' आज कळलाच पाहिजे असा आग्रह धरणं मला पटत नाही.

संशोधनातला एक आकडा मला उपयोगी पडला. पॉल नेशन हे शब्दसंपत्तीचे मोठे अभ्यासक, वेलिंग्टनच्या विद्यापीठातले. मॅन्सफिल्ड जन्मली त्याच गावचे विद्यापीठ, हा योग मला आवडतो. त्यांनी 2006 साली मांडलं की सामान्य इंग्रजी मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे असायला 8,000 ते 9,000 शब्दकुळं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांच्यापासून निघालेली रूपं, लागतात. पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आमची बहुतेक मुलं त्याच्या जवळपासही नसतात. पण आकडा उलटा करून पाहिला. 98 टक्के शब्द येणाऱ्यालाही पन्नासात एक शब्द अडतो. 300 शब्दांच्या पानावर सहा. म्हणजे चांगला वाचणाराही पानागणिक सहा शब्द न कळता पुढे जातो. न कळणं हा वाचनाचाच भाग आहे. हे मी पहिल्या तासाला मुलांना सांगते. मुलांचे खांदे सैल झालेले समोरून दिसतात.

आता आमची रीत अशी झाली आहे. पहिलं वाचन एका बैठकीत, पेन्सिल हातात, कोश बंद. दुसऱ्या वाचनाला मुलं मिळून ठरवतात की ज्यांच्याशिवाय कथा उभीच राहत नाही असे पाच-सात शब्द कुठले. या निवडीवर भांडणं होतात आणि ती मी होऊ देते, कारण कथेचं विवेचन तिथेच सुरू झालेलं असतं. ओ. हेन्रीच्या 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय'च्या पहिल्या परिच्छेदात 'पार्सिमनी' आहे. वाण्याशी, भाजीवाल्याशी घासाघीस करून बायकोने पैसा पैसा साठवलेला, त्या ओघात आलेला. काटकसर म्हणायचं की चिक्कूपणा? दोन शब्दांवर वर्ग दुभंगला. शेवटी एक मुलगी म्हणाली की करणाऱ्याला ती काटकसर असते आणि वाण्याला चिक्कूपणा, आणि त्या बायकोचे गाल लाल होतात ते वाण्याच्या नजरेमुळे. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

कोश आम्ही सगळ्यात शेवटी उघडतो, पण उघडतो नक्की. घरच्या शब्दावर विसंबून कोश टाळला तर माणूस फसतो, तेही मी पाहिलं आहे. इंग्रजी कोशात व्याख्या पाहायची, व्युत्पत्ती पाहायची, आणि सोबत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत शेतकऱ्यांचे आणि कारागिरांचे असे शब्द आहेत जे मुलांच्या आज्या बोलतात आणि पाठ्यपुस्तकांत कुठेच नाहीत. आर. के. नारायण यांच्या 'ॲन ॲस्ट्रॉलॉजर्स डे'मध्ये ज्योतिषाच्या कवड्या, कापडावरचे गूढ तक्ते, ताडपत्रं अशा सगळ्या पसाऱ्याला 'पॅराफर्नेलिया' म्हटलं आहे. पसारा हा अर्थ मुलांनी चुटकीसरशी लावला. कोशात मूळ पाहिलं तर तो शब्द मुळात हुंड्याव्यतिरिक्त बाईच्या स्वतःच्या मालकीच्या चीजवस्तूंसाठी होता. स्त्रीधन. वर्गातल्या मुलींनी तो शब्द वहीत दोनदा लिहिला.

परीक्षेचं काय, असं सहकारी विचारतात. माझ्या मुलांचे गुण भरमसाट वाढले, असं मी म्हणणार नाही. प्रश्नपत्रिका समानार्थी शब्द विचारते आणि त्यासाठी यादीच कामी येते. परीक्षेच्या आधी तीन आठवडे आम्हीही यादी घोकतो. पण वर्षाअखेरीला मुलं ग्रंथालयातून कथासंग्रह स्वतःहून नेतात, ते पूर्वी नेत नव्हती. गवंड्याच्या मुलाने त्या वर्षी 'डब्लिनर्स' पूर्ण वाचलं. पंधराच्या पंधरा कथा. त्याच्या प्रतीत पानोपानी पेन्सिलीच्या रेघा आहेत, आणि बऱ्याच रेघांपुढे काहीच लिहिलेलं नाही. ती प्रत त्याने जाताना ग्रंथालयाला दिली.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. येत्या जूनमध्ये कथा घ्याल तेव्हा पहिल्या तासाला फळा कोरा ठेवा. तुमच्या वर्गात कुणी गवंड्याचा मुलगा असेल, कुणी बैलजोडी हाकलेली मुलगी असेल. कोश उघडण्याआधी त्यांना विचारा.